बाबांच्या खोलीसाठी बंगाल

घर बांधायचं ठरलं की लोक टाइल्सच्या दुकानात जातात. आम्ही बहीणभाऊ एप्रिलच्या शेवटी बोलपूरला गेलो. ओळखीच्यांपैकी एकालाही हे पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघांपैकीही एकालाच पटलं होतं. गोष्ट गेल्या वर्षीची आहे. आता घर उभं राहिलंय, त्यात एक उन्हाळा निघालाय, म्हणून लिहायला बसले.

आमचं जुनं घर नागपुरात मानेवाड्याकडे. एकमजली, सपाट स्लॅबचं, पश्चिमेच्या रस्त्याला तोंड करून उभं. बाबांनी पोस्टात नोकरी करत बांधलेलं. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून डावी बाजू चालत नाही आणि पलंग पुढच्या, पश्चिमेच्या खोलीत आहे. एसी लावला की त्यांचा खांदा आखडतो. कूलरची हवा थेट अंगावर आली की खोकला सुरू होतो. आणि मे महिन्यात भर दुपारी वीज गेली की दोन्ही सारखेच. बोलपूरला गेलो त्याच्या आदल्या वर्षी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, ते अंथरुणात असतानाच त्यांना ऊन लागलं. घरात, पलंगावर, छताखाली. धंतोलीच्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळी सांगितलं, "खोली बदला. औषधानं खोली थंड होत नाही."

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, ठेकेदार आहे. लोकांची घरं बांधून देतो. त्यानं लगेच जाहीर केलं की जुनं पाडून नवं बांधू. नकाशाही स्वतःच काढला. प्लॉट चारही बाजूंनी परवानगी मिळेल तेवढा भरलेला, वर सपाट स्लॅब, आणि पुढे, रस्त्याला लागून, काचेचं ऑफिस. हे ऑफिस दादाचं फार दिवसांचं स्वप्न. इतकी वर्षं तो गिऱ्हाइकांना चहाच्या टपरीवर भेटत आला होता.

"पश्चिमेला काच?" मी विचारलं.

"काचेले काळी फिल्म लावू नं वं. आजकाल सगळे लावतात."

"आणि बाबांची खोली?"

"ऑफिसच्या मागं. मोठी खिडकी देऊ."

माझ्या शाळेत गणित शिकवणारी मौसुमी आहे. जन्म नागपूरचा, मराठी आपल्यासारखीच बोलते, पण आईवडील बंगालचे. मधल्या सुट्टीत मी नकाशा दाखवला तर ती म्हणाली, "माझ्या काकांचं घर एकदा पाहून ये. वीरभूम जिल्ह्यात, बोलपूरच्या पुढे. मातीचं आहे, दुमजली. हिवाळ्यात सगळे पर्यटक जातात, तू ऐन उन्हात जा. तेव्हाच कळेल."

दादाला सांगितलं तर तो हसला. "मातीचं घर पाहाले हजार किलोमीटर? आपल्या काटोलकडे काय मातीची घरं नाई का?"

आई बाबांना भरवत होती. ती तिथूनच म्हणाली, "जा गा तिच्यासंग. पाहून या, मंग भांडा."

तर असे निघालो. तुम्ही जाणार असाल तर पहिली सूचना: उन्हाळ्यात हावड्याच्या गाड्यांना तिकिटं मिळत नाहीत, दोन महिने आधी काढा. नागपूरहून सकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी हावडा. आम्ही थर्ड एसीत होतो. स्लीपर निम्म्याहून स्वस्त पडतं, पण रायपूर-बिलासपूरच्या पट्ट्यात दुपारी डबा तापतो. यजमानांसाठी संत्रा बर्फी घेतली होती. गोंदियाच्या पुढे दादानं एक डबा फोडला तो भाग वेगळा.

बोलपूरची गाडी दुपारी होती, म्हणून हावड्याला सामान क्लोकरूममध्ये टाकलं आणि स्टेशनासमोरच्या धक्क्यावरून लाँच पकडून नदीतून उत्तर कोलकात्यात गेलो. तिकीट इतकं स्वस्त की दादानं दोनदा विचारून खात्री केली. शोभाबाजारला उतरून आम्ही नुसते गल्ल्यांतून फिरलो. उंचच उंच खोल्यांची जुनी घरं, आणि प्रत्येक खिडकीला हिरव्या लाकडी झडपा. तिकडे त्यांना खडखडी म्हणतात. आडव्या पट्ट्या एका उभ्या दांडीला जोडलेल्या असतात. दांडी खाली ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडतात, ऊन बाहेर राहतं आणि वारा आत येतो.

दादा एका खिडकीखाली उभा राहून मान वाकडी करून पट्ट्यांची जाडी पाहत होता. तेवढ्यात पट्ट्या खटकन तिरप्या झाल्या आणि आतून एका म्हातारीचा आवाज आला, "की चाई?" म्हणजे काय पाहिजे. ती आम्हाला दिसत नव्हती, आम्ही तिला पूर्ण दिसत होतो. मी हिंदीत सांगितलं की आम्ही नागपूरचे, घर बांधतोय, खिडकी बघतोय.

पट्ट्या आणखी जरा उघडल्या. मग ती म्हणाली, "देखो, देखो. रोंग मोत देखो, बहुत पुराना है."

रंग खरंच उडाला होता. मी मात्र तिथंच पागल झाले. असंच घर पाहिजे, चारही बाजूंनी खिडक्या, सगळ्यांना खडखड्या, दिवसभर वारा आरपार. गाडीत बसल्यावर मी दादाला हे सगळं सांगत होते. तो मुरमुऱ्यांची पुडी संपवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "इथला वारा घामट हाय वं. आपला कोरडा." मला वाटलं मुद्दाम खोडा घालतोय.

हावड्याहून बोलपूर अडीच-तीन तास. स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे आपली ई-रिक्षा, रांगेनं उभ्या असतात. गावापर्यंतचे तीनशे मागितले, अडीचशेवर आला. रस्ता लाल मातीचा, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं. ऊन आपल्याइतकंच. कोलकात्याचा चिकट घाम इथं नव्हता, तोंडावर येणारी झळ नागपूरसारखी कोरडी होती. दादानं आपलं कोरडं कपाळ मला दाखवलं.

मौसुमीच्या काकांना सगळे काकाबाबू म्हणतात. रेल्वेत होते, नोकरीची बरीच वर्षं बिलासपूरला काढलेली, त्यामुळे हिंदी चांगलं. त्यांची बायको काकीमा, ठेंगणी, पायात चप्पल नाही, बोलायला पक्की. आत शिरताच दादानं हात जोडून "नमस्कार काकू" म्हटलं आणि काकीमा पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. काकाबाबूंनी उलगडा केला: बंगालीत काकू म्हणजे काका. "तो आप हमको नमस्कार किया," ते म्हणाले. त्यानंतर आम्ही निघेपर्यंत काकीमा दादाशी बोलताना स्वतःला काकूच म्हणवून घेत होत्या.

आता घर. एकाच अंगणात दोन घरं आहेत. एक जुनं मातीचं आणि त्याच्या बाजूला मुलानं, तपननं, बांधलेलं दोन खोल्यांचं सिमेंटचं. जुन्या घराच्या भिंती हातभराहून जाड, खालचा पट्टा डांबरानं काळा केलेला, पावसानं आणि वाळवीनं खाऊ नये म्हणून. वर गवताचं छप्पर, चारही बाजूंनी उतरतं, आणि इतकं खाली आलेलं की अंगणातून बघताना भिंतीच दिसत नाहीत, नुसती सावली दिसते. छपराखाली घराभोवती खोल ओटा, त्याला दावा म्हणतात. पूर्वेला पुकुर, म्हणजे तळं. पश्चिमेला बांबूचं दाट बेट. दक्षिण मोकळी.

आम्ही पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती, हातपाय धुऊन जेवून झोपलो. खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळचं ऊन चढायला लागलं तशी काकीमांनी एकेक करून खिडक्या लावून घेतल्या. खिडक्या तरी केवढ्या, धड हातभरही नाहीत. मी विचारलं, "वारा?"

"ऐ बातास नेही, आगुन है," त्या म्हणाल्या. वारा नाही, आग आहे. "शाम को खुलेगा."

हे तर आमची आईही करते. कोलकात्याची खडखडी कोलकात्याची होती. इथलं घर आपल्यासारखंच दुपारी मिटून घेत होतं. म्हणजे माझं आरपार वाऱ्याचं घर दादानं म्हटल्याप्रमाणे नागपुरात बाबांना भाजूनच काढणार होतं. दादानं "पाह्य, म्हटलं नव्हतं?" एवढं एकदाच म्हटलं, पण पुरेशा मोठ्यानं म्हटलं.

जेवण दुपारी बाराच्या सुमारास. कलाईची डाळ, म्हणजे उडदाची, बडीशेप घातलेली. आलू पोस्तो, खसखशीच्या वाटणातले बटाटे. आणि कैरीचं पातळ आंबट. उन्हाळ्यात तिकडे घरोघरी हेच. दादाला झणझणीत सावजी रश्श्याची सवय, त्यानं पहिल्या घासाला माझ्याकडे दयनीय नजरेनं पाहिलं आणि नंतर तीनदा भात घेतला. पोस्तो खाऊन झोप येते असं काकाबाबू म्हणाले. दादा खालच्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून आडवा झाला आणि खरोखर झोपला. पंखा होता, तो वीज नसल्यानं बंद होता. घरी कूलर आणि पंखा दोन्ही सुरू असल्याशिवाय या माणसाला झोप येत नाही.

मी काकीमांबरोबर लाकडी जिन्यानं वर गेले. वरच्या खोलीत धान्याची पोती, कांदे, पितळी भांडी, जुने ट्रंक. माणूस राहत नाही. वर डोकं काढलं आणि भट्टीत वाकल्यासारखं झालं. कान गरम झाले. मी जेमतेम एक चक्कर मारली आणि खाली आले, तर मधल्या जमिनीखाली, ताडाच्या वाशांच्या आणि जाड मातीच्या त्या थराखाली, थंडावा. त्याच घरात, त्याच वेळी. मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. काकीमांना वाटलं माझं काही हरवलंय.

दादा उठल्यावर त्यालाही वर पाठवलं. तो खाली आला तो कपाळ पुसत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला आणि छताकडे बघत म्हणाला, "वरची खोली ऊन खाऊन राहिली. खालच्या माणसाले लागूच देत नाई."

इथवर सगळं छान चाललं होतं. संध्याकाळी दाव्यावर चहा घेताना मी म्हटलं, "मग आपणही चारही बाजूंनी असा व्हरांडा काढू. पश्चिमेच्या भिंतीला ऊनच लागणार नाही."

"आणि ऑफिस?"

"ऑफिसचं बघू नंतर."

"नंतर म्हणजे? समोर व्हरांडा काढला तं ऑफिस कुठी जाईन? कोपऱ्यात? संडासच्या बाजूले?" त्याचा आवाज चढला. "दुसऱ्याइची घरं बांधून राहिलो मी. स्वतःच्या घरात दोन खुर्च्या टाकाले जागा मागितली तं ते बी व्हरांड्यात गेली."

"बाबांसाठी म्हणते आहे मी."

"बाबा माह्येबी हायेत नं वं! तुलेच पडली का त्याइची?"

काकाबाबूंना मराठी येत नाही, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. त्यांनी कप उचलले आणि उगाच आत गेले. आमचं पुढेही चाललं असतं, पण वायव्येकडचं आभाळ एकाएकी शाईसारखं काळं झालं. कालबैशाखी. या दिवसांत तिकडे संध्याकाळी अशी वादळं येतात, हे वाचलं होतं. इतक्या झपाट्यानं येतात हे माहीत नव्हतं. पहिला झोत आला आणि बांबूचं बेट जमिनीला टेकेल इतकं वाकलं. काकीमा ओरडल्या, तपननं दोरीवरचे कपडे ओढले, दादानं चटया आणि काकाबाबूंचा रेडिओ उचलला, आणि आम्ही सगळे धावत सिमेंटच्या घरात.

आत शिरल्यावर दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "शेवटी स्लॅबखालीच आले नं सारे?"

काकीमांना मी अर्थ सांगितला. त्या मुळीच रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वादळात इथं, उन्हात तिथं, म्हणून तर दोन्ही ठेवली आहेत. आणि गवत शाकारणारी माणसं आता मिळत नाहीत, दर काही वर्षांनी छप्पर बदलावं लागतं, सारवण त्यांना एकटीला करावं लागतं, गुडघे दुखतात. "फोटो सोब खिंचता है," त्या म्हणाल्या, "गोबर कोई नेही लीपता." मातीच्या घरांबद्दल भारावून लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी हे वाक्य लक्षात ठेवावं. मी ठेवलंय.

सकाळी पाहिलं तर छपराचा एक कोपरा उचकटला होता. घर बाकी जसंच्या तसं. तपन शिडीवर आणि दादा खालून पेंढ्या फेकत, दोघांनी मिळून तो बसवला. दादाला काम मिळालं की त्याचा राग उतरतो. तपनशी तो मोडक्या हिंदीत गवताखालच्या बांबूच्या कामट्या कशा बांधतात यावर बोलत होता.

दुपारी आईचा फोन आला. मी उचलला.

"घाबरू नको," आई म्हणाली. आईनं असं म्हटलं की माणूस आधी घाबरतो. "बाबाले भरती केलं. सकाळपासून अंग तापलं, बोलणं असंबद्ध. सूनबाई हाय माह्यासंग. सलाईन लावली."

"आम्ही निघतो."

"कायले? तुम्ही पोचसान तोवर त्याइले सुट्टी होईन. डॉक्टर म्हणे पाणी कमी झालं, बाकी काई नाई." मग ती म्हणाली, "ज्याच्यासाठी गेले ते नीट पाहून या. मले तं पुढचा उन्हाळा याइले असा काढू द्याचा नाई."

दादानं फोन घेतला, वहिनीशी बोलला, डॉक्टरांशी बोलला. मग मोबाइलवर तिकिटं बघायला लागला. परतीला कोलकात्यात दोन दिवस राहायचं ठरलं होतं, ते रद्द. तत्काळमध्ये दुसऱ्या दिवशीची दोन तिकिटं मिळाली. हातात अर्धा दिवस उरला. मी दाव्यावर खांबाला टेकून बसले होते. कालचं भांडण डोक्यात होतं आणि बाबा तिकडे सलाईनवर.

दादा बराच वेळ अंगणात उभा होता, उन्हात. मग आला आणि काकीमांसमोर बसून त्यानं विचारलं, "काकू, इस घर में बीमार आदमी को किधर सुलाते हैं?"

काकीमा उठल्या. त्यांच्या सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणावर होत्या, म्हणाल्या. चला दाखवते. ईशान्येकडची एक खोली त्यांनी दाखवली. पश्चिमेला लागून धान्याची कोठी आणि स्वयंपाकघर, मध्ये रिकामी वाट, मग ही खोली. दुपारी सासूबाई इथं. सकाळी मात्र त्यांना उचलून पूर्वेच्या दाव्यावर न्यायचे, तळ्याकडे तोंड करून. थंडीत दक्षिणेच्या दाव्यावर, उन्हाला.

"कौन उठाता था?" दादानं विचारलं.

"हम और उनका बेटा. वो पतली थी." त्यांनी काकाबाबूंकडे बोट केलं. "इनका कमर उसी में गया."

काकाबाबूंनी मान डोलावली.

दादा त्या खोलीच्या दारात उभा राहिला. चौकटीला खाली उंच उंबरा होता. तो उंबऱ्याकडे बघत राहिला, मग मला म्हणाला, "बाबा किती दिवस झाले बाहेर नाई आले?"

मी मनात मोजत गेले. दवाखान्यात जाणं सोडलं तर बाबा त्या खोलीतून बाहेर आलेच नव्हते. उचलायला दोन पुरुष लागतात. दुखणं आल्यापासून त्यांनी आभाळ पाहिलं असेल ते अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना.

"पलंगाले चाकं लावली," दादा म्हणाला, "आणि उंबरा काढला, दार रुंद केलं, तं आई एकटी ढकलू शकीन."

मग त्यानं टेप काढला. टेप त्याच्या खिशात असतोच. दावा किती खोल आहे, छप्पर किती खाली आलंय, सूर्य पश्चिमेला झुकला की सावली कुठवर राहते, सगळं मोजलं. मी दुसरं टोक धरलं. तपननं बांबूच्या बेटाचं अंतर मोजून दिलं.

निघताना काकीमांनी मुढी, म्हणजे मुरमुरे, आणि खजुराचा गूळ बांधून दिला. पायाला हात लावला तर दादाला म्हणाल्या, "काकू को फोन करना."

नागपूरला उतरून थेट धंतोली, सुट्टी अजून झाली नव्हती. बाबा उठून बसले होते, आई त्यांना ताक पाजत होती. दादानं पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि बाबांशी पहिलं वाक्य बोलला ते, "बाबा, तुमची खोली मागं घेतो मी. पूर्वेले." बाबा हळू बोलतात. म्हणाले, "तुह्यं ऑफिस?"

"होईन कुठीतरी."

पावसाळा संपल्यावर जुनं घर पाडलं, आम्ही मागच्या गल्लीत किरायानं राहिलो, आणि पुढच्या एप्रिलच्या आत राहायला आलो. ज्यांना बांधायचं आहे त्यांच्यासाठी सांगते काय केलं. मातीचं बांधलं नाही. सारवायला वेळ आणि गुडघे आमच्याकडेही नाहीत. विटांचंच आहे, पण पश्चिमेची भिंत दुहेरी, मध्ये पोकळी. पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि कोठी, म्हणजे ऊन आधी त्यांना लागतं. स्लॅबच्या वर माणसाला वाकून चालता येईल एवढी जागा सोडून कौलांचं उतरतं छप्पर. ती जागा रिकामी, दोन्ही टोकांना जाळी, तापलेली हवा निघून जाते. समोर आणि मागे खोल व्हरांडा. खर्च दादाच्या आधीच्या नकाशापेक्षा जास्त झाला, मुख्यतः कौलांमुळे, आणि हॉल लहान झाला. पाहुणे आले की जाणवतं.

फसलं तेही सांगते. खडखड्यांचा माझा हट्ट मी मागच्या दोन खिडक्यांपुरता पुरा करून घेतला. सुताराला तिरप्या पट्ट्यांची दांडी जमलीच नाही, त्यानं पट्ट्या पक्क्या ठोकून दिल्या. त्यात धूळ बसते आणि ती पुसताना मी रोज स्वतःला बोल लावते. पश्चिमेला बांबू लावला, तर शेजाऱ्यांनी साप येतील म्हणून तक्रार केली. आता तिथं करंज आहे, वाढायला वेळ लागेल. तळं अर्थातच नाही. पूर्वेला एक हौद केला होता, डास झाले, बुजवला.

दादाचं ऑफिस समोरच्या व्हरांड्यात आहे. एक टेबल, चार खुर्च्या, वर पंखा. पहिले काही दिवस तो जरा नाराज होता. मग लक्षात आलं की गिऱ्हाइकं येतात, बसतात आणि उठतच नाहीत. "इथी गार काहून वाटते हो?" असं विचारतात, आणि दादा त्यांना जिन्यावरून वर नेऊन छपरातली जागा दाखवतो. बहुतेक जण ऐकून घेतात आणि शेवटी काचेचंच एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी भाग, मागतात. दादा तेही बांधून देतो. काकीमांचा मध्ये फोन आला होता. तपनला सिमेंटच्या घरावर असंच दुसरं छप्पर टाकायचंय, दादानं त्याला फोटो पाठवले आणि अर्धा तास समजावलं.

बाबांना आई रोज सकाळी पलंगासकट मागच्या व्हरांड्यात ढकलत नेते. ऊन चढलं की परत आत.

या मे महिन्यात, नवतपातच, मी शाळेच्या कामासाठी गेले होते. दुपारी परत आले तर गल्लीत वीज नव्हती. ट्रान्सफॉर्मर गेला होता, लोक ओले टॉवेल डोक्यावर घेऊन दारात उभे होते. मी बेल वाजवली, वीज नाही हे विसरून. मग दार ठोठावलं. आतून कुणी ओ दिली नाही. आई दुपारी कधी बाहेर जात नाही, बाबांना एकटं सोडून तर नाहीच. मी हाका मारल्या. पर्समधून माझी किल्ली काढली, ती कुलपात जाईना.

शेवटी दार उघडलं आणि चपलेसकट मागच्या खोलीत धावले. बाबा पलंगावर, तोंड थोडं उघडं, घोरत होते. मी कपाळाला हात लावला. कपाळ साधं होतं, माझ्या हातापेक्षा गार. आणि पलंगाच्या खाली, नुसत्या फरशीवर, हात उशाशी घेऊन आई झोपली होती. गाढ. मी इतकी ओरडले तरी जागी झाली नव्हती. दुपारच्या वेळी झोपलेली आई मी माझ्या आठवणीत पाहिली नव्हती. बाबांच्या आजारपणात तर दर थोड्या वेळानं ओला कपडा फिरवण्यात तिची दुपार जायची.

मी बाहेर येऊन समोरच्या व्हरांड्यात बसले. दादा गाडी लावून आला, माझा चेहरा बघून दचकला.

"काय झालं वं?"

"काही नाही," मी म्हटलं. "दोघंही झोपलेत. आवाज नको करू."

त्यानं चपला हातात घेतल्या, आत डोकावला, आणि येऊन माझ्या शेजारी खुर्चीत बसला. वीज संध्याकाळी आली. तोपर्यंत आम्ही कुणालाही उठवलं नाही.